घोडीचे चार हजार

घरी गाडी बनवतोय म्हटलं की लोक आधी इंजिनाबद्दल विचारतात. बनून होईपर्यंत ती उभी कशावर राहणार, हे कुणी विचारत नाही. आम्हीसुद्धा फारसं विचारलं नव्हतं.

घणसोली गावठाणात माझ्या मित्राचं घर आहे. अंगणात पत्र्याची शेड. तिथे गेल्या दिवाळीपासून शनिवार-रविवार आम्ही दोघं एक बग्गी बनवतोय. जुन्या मारुती ८०० चं इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. बाकी पाइपचा सांगाडा. परदेशात अशा गाडीचं किट मिळतं, सुटे भाग खोक्यात घरी येतात. आपलं किट म्हणजे कुर्ल्याचा भंगार बाजार. गाडी रस्त्यावर आणायची नाही, कर्जतला मित्राच्या मामाच्या शेतात फिरवायची, एवढीच हौस.

इंजिनीअरिंगला असताना बाहा स्पर्धेसाठी अशीच गाडी बनवली होती. तिथे कॉलेजचं वर्कशॉप होतं आणि लोखंडी घोड्या होत्या. घोडी म्हणजे जॅकने गाडी उचलल्यावर तिच्याखाली लावायचा स्टँड. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील गळायला लागलं की तो हळूहळू बसत जातो. हे आमच्याकडून तेव्हा घोकून घेतलं होतं.

चांगल्या चार घोड्या साधारण चार हजारांना पडत होत्या. मी ऐरोलीला आयटीत आहे. तेवढे पैसे महिन्याला नुसते बाहेरच्या खाण्यात जातात. तरी मीच म्हणालो, कशाला? शेजारच्या बांधकामावरचे उरलेले एएसी ब्लॉक, ते पांढरे हलके, फुकट मिळत होते. मी हिशोबही केला. सांगाडा आणि इंजिन मिळून ३०० किलो, चार ठिकाणी वाटले की पाऊणशे किलो. ब्लॉक चौरस मिलिमीटरला तीन-चार न्यूटन सहज सोसतो. म्हणजे गरजेच्या कितीतरी पट. मित्राला आकडेमोड दाखवली तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे कबूल करतो.

हिशोबात चूक नव्हती. फक्त तो सपाट पृष्ठभागावर सरळ खाली येणाऱ्या, हलत नसलेल्या वजनाचा होता. गोल पाइप ब्लॉकवर एका रेघेत टेकतो. खाली झोपलेला माणूस हातोडा मारतो तेव्हा जोर आडवा येतो. आणि असा ब्लॉक फुटताना आधी काही सांगत नाही. म्हणून तर गॅरेजवाले लाकडाचे गुटके वापरतात. लाकूड दबतं, करकरतं, माणसाला बाहेर यायला वेळ देतं.

वेल्डिंगसाठी आम्ही रबाळ्याच्या एका कारागिराला बोलवायचो. त्या रविवारी त्याने हाताखालचा पोरगा पाठवला, एकोणीस-वीस वर्षांचा. त्याने खाली वाकून ब्लॉक बघितले, आमच्याकडे बघितलं, आणि कोपऱ्यात पडलेलं टायरसकट चाक ओढून सांगाड्याखाली आडवं सरकवलं. मी हसून म्हणालो, "अरे, पडणार नाही ते, मी काढलंय कॅल्क्युलेशन." तो म्हणाला, "असू द्या दादा, राहतंय तिथं." आणि पाठीवर सरकत आत गेला.

अर्ध्या तासाने एका ब्रॅकेटवर त्याने हातोडा मारला आणि डाव्या बाजूच्या ब्लॉकची कड भुगा होऊन गळाली. सांगाडा कलंडला आणि त्या चाकावर बसला. पोराची छाती आणि पाइप यांच्यात चार बोटं अंतर होतं. तो बाहेर आला, हात झटकले आणि पाणी मागितलं.

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांचा व्हिडिओ सगळ्यांनी फॉरवर्ड केला होता, मीही. भंगारातून साधारण ६० हजारांत बनवलेली, किक मारून सुरू होणारी चारचाकी. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, त्याच वेळी ही गाडी नियमात बसत नाही म्हणून कधीतरी अडवली जाईल असंही लिहिलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. त्या व्हिडिओवर मी तेव्हा काहीतरी 'जुगाड झिंदाबाद' छापाचं लिहिलं होतं. ब्लॉक लावताना तीच गाडी माझ्या डोक्यात होती.

आता वाटतं, मी त्यांच्याकडून चुकीची गोष्ट उचलली. लोहारांनी मुलाच्या हौसेखातर, हाताशी होतं त्यातून गाडी बनवली आणि स्वतःच तिच्यात बसले. त्यांची काटकसर गरजेतून आली होती. माझ्याकडे चार हजार होते. मला ते वाचवायचे नव्हते, वाचवल्याची गोष्ट सांगायची होती. ती ऑफिसात सांगूनही झाली होती, ब्लॉकच्या फोटोसकट. गरिबाचं कौशल्य मी शौक म्हणून उसनं घेतलं आणि त्यातली जोखीम तेवढी दुसऱ्याकडे सरकवली.

मित्र म्हणतो, त्याने स्वतः बघितलं होतं, नको म्हणायचं होतं. यावर आमचं खूप वाजलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, कारण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने आपल्या प्रयोगाला होकार दिलेला नसतो. पण मग अंगणात, ओळखीच्या पोराने दिलेला होकार तरी काय होता? दिवसाची मजुरी घरी न्यायची असताना तो 'हे बरोबर नाही' असं दोन इंजिनीअरना कसं सांगणार? त्याने नको म्हटलं नाही, चाक सरकवलं. त्याच्याकडून शक्य होतं तेवढं 'नको' तेच होतं, आणि मी त्यावर हसलो होतो.

मी कधीच त्या ब्लॉकवरच्या सांगाड्याखाली झोपलो नव्हतो, हे मला नंतर चार दिवसांनी लक्षात आलं. ठरवून टाळलं होतं असं नाही. वरची कामं माझ्याकडे होती, लॅपटॉपवरची ड्रॉइंग माझ्याकडे होती. मित्र दोनदा गेला होता.

घोड्या त्याच आठवड्यात मागवल्या. पोराला आम्ही जास्तीचे हजार रुपये दिले. त्याने विचारलं, "कशाचे?" मी म्हणालो, "असेच." त्याने खिशात घातले. त्याच्या उस्तादाला झालेला प्रकार आम्ही सांगितलेला नाही. त्यानंतर दोनदा तो स्वतःच कामाला आला, आणि दोन्ही वेळा आत जायच्या आधी त्याने ते चाक घोड्यांच्या मधे सरकवून ठेवलं.