त्यांना विचारले कोणी?

माझी आजी कितीही आजारी असली तरी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायला तयार नसे. "तिथं गरिबाच्या अंगावर शिकाऊ डॉक्टर हात बसवतात," असे ती म्हणे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्या तोऱ्यात मी आजीचे बोलणे अडाणीपणाचे समजून हसत असे. पुढे वाचन वाढले आणि हसू थांबले. आपल्याही घरात अशी एखादी आजी असेल. म्हणून एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घेताना दुबळ्या समाजाला तीत घेतले तर अन्याय होतो, की वगळले तर होतो?

हा प्रश्न अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या बाबतीत उभा राहिला आहे, आणि तो कर्करोगाच्या औषधांचा आहे. त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

प्रथम आजीची बाजू पाहू. अलाबामा राज्यातील टस्कीगी या गावी १९३२ साली अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. बहुतेक शेतमजूर आणि बटाईदार. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश हा रोग होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. तुमचे रक्त बिघडले आहे, एवढेच सांगितले. तपासणीच्या दिवशी जेवण फुकट आणि मेल्यावर दफनाचा खर्च, हे आमिष. रोग शरीराची कशी नासाडी करतो हे सरकारी डॉक्टरांना शेवटपर्यंत पाहायचे होते. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हा या रोगावरचा सर्वमान्य उपाय ठरला, तरी या माणसांना ते मिळू दिले नाही. १९७२ साली वृत्तपत्रांतून बोभाटा झाला तेव्हा हा प्रकार थांबला. म्हणजे चाळीस वर्षे! राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारतर्फे माफी मागितली ती १९९७ साली.

यानंतर तिथल्या कृष्णवर्णीय माणसाने डॉक्टरच्या कागदावर अंगठा उठवायला कां-कूं केली, तर त्याला अडाणी कोण म्हणेल?

टस्कीगीच्या धक्क्याने अमेरिकेत १९७४ साली कायदा झाला, एक आयोग बसला आणि १९७९ साली त्याचा अहवाल आला. तो बेलमाँट अहवाल म्हणून ओळखला जातो. माणसाच्या इच्छेचा आदर, त्याचे हित आणि न्याय, अशी तीन तत्त्वे त्याने सांगितली. त्या काळी न्यायाचा अर्थ मुख्यतः असा घेतला गेला की, प्रयोगाचा बोजा दुबळ्यांच्या पाठीवर लादू नये. हे योग्यच होते. पण न्यायाला दुसरीही बाजू असते. बोजा नको हे खरे, पण लाभाचे काय?

कर्करोगाच्या रुग्णाला ही दुसरी बाजू जास्त जाणवते. या रोगाच्या मोठ्या चाचण्यांत रुग्णाला बहुधा औषधाविना ठेवत नाहीत. चालू असलेला चांगला उपचार एका गटाला आणि नवा उपचार दुसऱ्या गटाला देतात. जुने उपाय थकले असतील तर कित्येकदा चाचणी हीच शेवटची वाट असते. नवे औषध लागू पडेलच असे नाही, ते अपायही करील. तरी ती वाट एकाला दाखवायची आणि दुसऱ्याला दाखवायचीच नाही, याला काय म्हणावे?

एक उदाहरण देतो. मल्टिपल मायलोमा हा हाडांतील मगजाचा कर्करोग आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत तो गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळतो. तिथल्या या रोगाच्या दर पाच रुग्णांत एक कृष्णवर्णीय असतो. इक्साझोमिब नावाच्या औषधाला २०१५ साली तिथे मान्यता मिळाली. ज्या चाचणीच्या आधारे ती मिळाली तिच्यात ७२२ रुग्ण होते आणि त्यांपैकी कृष्णवर्णीय होते १३. ही चाचणी अनेक देशांत झाली होती, हे खरे. पण मग विक्री अमेरिकेत करायची आणि तिथल्या पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांना औषध कसे मानवते याचा पुरावा मात्र तेरा माणसांचा, हा कुठला हिशेब?

"काय करणार? ते लोक येतच नाहीत. टस्कीगीमुळे त्यांचा विश्वास उडाला आहे." हे उत्तर अमेरिकेत वर्षानुवर्षे दिले गेले. ऐकायला ते सहानुभूतीचे वाटते. पण नीट पाहा. गैरहजेरीचा सगळा दोष त्यात हळूच गैरहजर माणसावरच टाकला आहे, आणि ज्याने दार उघडायचे तो मोकळा सुटला आहे.

मी शाळामास्तर असल्याने हे उत्तर माझ्या ओळखीचे आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत शिक्षकांच्या खोलीत ऐकले होते: "त्या वस्तीतली पोरं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसतच नाहीत, आईबापांनाच गोडी नाही." मी वस्तीत दहा-बारा घरी जाऊन आलो. फॉर्म आल्याचे एकाही घरी कळले नव्हते. त्या वर्षी सात पोरे बसली.

अमेरिकेतील संशोधकांनीही शेवटी असाच हिशेब मांडला. कर्करोगाच्या चाचणीत भाग घेता का, असे ज्यांना खरोखर विचारले गेले, त्यांपैकी किती जण हो म्हणाले, याचे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे २०२० साली प्रसिद्ध झाले. विचारलेल्या गोऱ्या रुग्णांपैकी सुमारे ५५ टक्के हो म्हणाले. कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ५८ टक्के. टस्कीगीची आठवण घेऊनही ते हो म्हणाले! आणि दोन्हींकडचे उरलेले चाळीस-पंचेचाळीस टक्के नाही म्हणाले, तो त्यांचा अधिकार होता.

याचे आश्चर्य वाटायला नको होते. आपल्या दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथर पक्षाने त्याच सुमारास वस्त्यावस्त्यांतून मोफत दवाखाने चालवले होते आणि सिकल सेलची तपासणी करून दिली होती. (सिकल सेल म्हणजे काय, हे विदर्भातील आपल्या घरांना सांगायला नको.) त्या समाजाचे वैर वैद्यकाशी नव्हते, अपमानाशी होते.

मग अडते कुठे? काही अडसर डोळ्यांना दिसतात. चाचण्या मोठ्या केंद्रांवर चालतात. पुन्हा पुन्हा जावे लागते, प्रवास, बुडालेली मजुरी, पोरांना सांभाळणार कोण. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी योजनेने चाचणीतील रुग्णाचा नेहमीचा उपचारखर्च सर्व राज्यांत दिलाच पाहिजे, हे बंधन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. तोवर काही राज्यांत तो मिळेल याची खात्री नव्हती. काही डॉक्टर तर हा रुग्ण वेळ पाळणार नाही, असे मनाशीच ठरवून विषयच काढत नाहीत.

दुसरे अडसर कागदात दडलेले असतात, आणि मला तेच जास्त बोचतात, कारण ते बसवताना कोणाच्या मनात द्वेष असावा लागत नाही. रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. एका मायक्रोलिटरमध्ये त्या १५०० तरी हव्यात, अशी अट पुष्कळ चाचण्यांत असते. आफ्रिकी वंशाच्या अनेक निरोगी माणसांत जन्मतःच त्या कमी असतात. त्यांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचे एक द्रव्य नसते, त्याच्याशी याचा संबंध आहे. त्याने त्यांचे काही बिघडत नाही. पण मोजमाप गोऱ्या शरीरावरून ठरले, आणि त्या मापात न बसणारा निरोगी माणूस कागदावर दोषी ठरला.

विचारले तर काय होते, हे फिलाडेल्फियात दिसले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कर्करोग केंद्राने कृष्णवर्णीय वस्त्यांत आणि चर्चमध्ये जाऊन माहिती दिली, येण्याजाण्याला वाहन दिले. उपचारांच्या चाचण्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण २०१४ साली सुमारे १२ टक्के होते, ते २०१८ पर्यंत जवळजवळ २४ टक्के झाले. माणसे तीच, रोगही तोच.

१९९३ सालच्या कायद्याने सरकारी पैशावरील संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्य वंशीयांना घेणे बंधनकारक झाले होते; औषध कंपन्यांच्या पैशावरील चाचण्या त्या बंधनाबाहेर राहिल्या. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने कंपन्यांनाही मोठ्या चाचण्यांत कोणत्या समाजातील किती रुग्ण घेणार याचा आराखडा देणे आवश्यक केले. तो कसा करावा याचा मसुदा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२४ मध्ये काढला. जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदलले आणि काही दिवसांतच तो प्रशासनाच्या संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आला. डॉक्टरांच्या एका संघटनेने कोर्टात धाव घेतली, तेव्हा कोर्टाच्या आदेशाने तो परत लावावा लागला.