कृपासदनापर्यंतची वाट

विक्रम संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा दुष्काळ गुजरातेत आजही 'छप्पनियो' याच नावाने ओळखला जातो. बडोद्यात पाणीगेटच्या आसपास राहणारी आम्ही मराठी माणसंही तोच शब्द वापरतो. बडोदा संस्थानाची लोकसंख्या १८९१मध्ये सुमारे २४ लाख होती. १९०१च्या शिरगणतीत ती साडेएकोणीस लाखांवर आली. पाणीगेटवरून पूर्वेला गेलं की आजव्याचा तलाव लागतो. सयाजीराव महाराजांनी तो बांधून घेतला, त्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. शहराची तहान भागवायची सोय झाली होती. पण पाऊसच आला नाही, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या माणसांना कोण पुरणार?

त्या दुष्काळात पुणे जिल्ह्यातल्या केडगावहून पंडिता रमाबाईंची माणसं गुजरातेत आली आणि उपाशी, निराधार अशा शेकडो मुलींना केडगावच्या आश्रमात, मुक्ती सदनात, घेऊन गेली. रमाबाईंचं नाव निघालं की त्यांची विद्वत्ता, विधवांसाठीचं काम आणि धर्मांतर एवढंच बोललं जातं. मला त्यांच्या आयुष्यात दिसतं ते कृपेविषयीच्या एका विचाराचं हळूहळू पक्व होणं. त्याला वीस-पंचवीस वर्षं लागली, आणि तो ग्रंथांइतकाच माणसांमध्ये वावरताना घडला.

सुरुवात झाली ती नेमकी उलट्या टोकाला. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोमुलांना घेऊन तीर्थामागून तीर्थं हिंडत राहिले. पुराणं सांगायची, उपास करायचे, दानधर्म करायचा आणि पुण्य गाठीला बांधायचं, असं ते आयुष्य होतं. १८७४च्या सुमारास दुष्काळाने गाठलं तेव्हा गाठीला काहीच उरलं नव्हतं. वडील गेले, मागोमाग आई आणि बहीणही गेली. सोळा-सतरा वर्षांची रमा भावाबरोबर पायी वणवण करत राहिली. इतकं सगळं निष्ठेने करूनही देव का पावला नाही, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून बसला. उपाशी माणसाकडे त्या पुढे कशा बघणार होत्या, ते मला वाटतं तिथेच ठरलं.

लग्नानंतर सिल्चरला घरातल्या पुस्तकांत त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत लागली. कुतूहल जागं झालं, इतकंच. दीड-दोन वर्षांतच त्या विधवा झाल्या. १८८३मध्ये आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या. या जोगिणींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या, आणि जोगिणी त्यांची जिवाभावाने काळजी घेत होत्या. असं रमाबाईंनी आजवर कुठे पाहिलं नव्हतं. हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय उघडला.

त्या अध्यायात भर दुपारी एक शोमरोनी बाई विहिरीवर येते. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला हात लावत नसत. तिचे पाच नवरे झालेले, आणि आताचा तिचा नवराही नाही. तिथे दमून बसलेला येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. आधी तो मागतो, आणि मग देण्याची गोष्ट काढतो. तिचं सगळं त्याला माहीत आहे, तरी तो तिला आधी सुधारून ये असं म्हणत नाही. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या रमाबाईंना हे किती लागलं असेल! विहीर कोणाची, पोहरा कोणाचा, पाणी कोणी कोणाला वाढायचं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नसे.

बायबलमध्ये कृपेचा हा धागा जुनाच आहे. ख्रिस्ताआधी आठव्या शतकातला संदेष्टा होशेय सोडून गेलेल्या बायकोला पंधरा शेकेल चांदी आणि जव मोजून परत आणतो, आणि देवाचं इस्राएलशी असलेलं नातं असंच आहे म्हणतो. पुढे प्रेषित पौल त्याचा सिद्धांत करतो: माणूस काही मिळवून देवापुढे उभा राहत नाही, त्याला ते फुकट मिळतं, आणि विश्वास म्हणजे ते घ्यायला पुढे केलेला हात. मात्र होशेयाच्या घरात आणि त्या विहिरीवर हे आधी घडलं, सिद्धांत मागाहून आला. रमाबाईंचंही तसंच झालं.

१८८३च्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून त्यांचे आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनचे वाद होत राहिले. त्यांची पत्रं वाचताना मन रमाबाईंच्याच बाजूला झुकतं. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडलेली बाई दुसरीपुढे मान तुकवायला तयार नव्हती. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. भारतात परतल्यावर, १८९०नंतरच्या काळात, त्यांना उमगलं की फुलहॅमच्या बायकांना जे विनाअट मिळतं ते पंडितेलाही तसंच घ्यावं लागतं. शिकलेल्या माणसाला दुसऱ्यावर कृपा होताना पाहणं सोपं जातं. आपल्याला तिची गरज आहे, हे मानणं फार जड जातं.

नारायण वामन टिळकांचा रस्ता निराळा. १८९५मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं म्हणत. त्यांना कृपा ओळखीची वाटली, वारकरी अभंगांत ती भरून राहिलेली होतीच. रमाबाईंच्या बालपणात तो पूल नव्हता, कर्मकांड तेवढं होतं. म्हणून टिळकांच्या लेखनात जो गोडवा आहे तो रमाबाईंकडे नाही. त्यांच्याकडे निकड आहे.

त्याच निकडीतून, छप्पनियाच्याच सुमारास, केडगावला 'कृपासदन' उभं राहिलं. फुलहॅमला पाहिलं होतं तसं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी. पाहिलेली गोष्ट स्वतःच्या अंगणात उभी करायला मध्ये सोळा-सतरा वर्षं गेली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. भुकेने अर्धमेल्या मुलीला भाकरीबरोबर धर्म दिला, तर तिची संमती कसली? दुष्काळाच्या आधीच, १८९३मध्ये, पुण्यात रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुलींवरून धर्मांतराच्या संशयाने वादळ उठलं होतं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मला हा आक्षेप बिनबुडाचा वाटत नाही. कृपा विनाअट असेल तर भाकरीची किंमत म्हणून विश्वास मागता येत नाही, आणि ही कसोटी रमाबाईंनाही लावली पाहिजे. पण स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेल्या या बाईने मुलींना हिशेबासाठी गोळा केलं, असं म्हणणाऱ्यांनी कृपासदनाकडे पाहावं. तिथल्या बायकांना घेऊन कोणाची प्रतिष्ठा वाढणार नव्हती.

आशेबद्दल रमाबाई फारशा बोलल्या नाहीत, त्यांनी काम केलं. पौल रोमकरांना लिहितो की संकटातून धीर येतो, धीरातून कस लागतो आणि त्यातून आशा निपजते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणायला बसल्या. या कामात त्यांची पुढची कित्येक वर्षं गेली. १९२१मध्ये, आपल्यामागे संस्था सांभाळेल अशी जिच्याकडून रमाबाईंना आशा होती, ती मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई वारल्या. १९२४मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. तिथे खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका होत्या, दुष्काळातून आलेल्यासुद्धा.