मत, प्रमाण आणि ऐकीव गोष्ट

धंदा कोणता करावा, पोराला काय शिकवावे, नोकरी कशात आहे, मोबाइलवर आलेले खरे धरावे का, याविषयी प्रत्येक घरात मते असतात. या मतांवरच फी भरली जाते, कर्ज काढले जाते, सोयरीक जुळते. म्हणून मत कशाच्या आधारावर धरावे, हा प्रश्न विद्वानांपुरता राहत नाही.

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, रूपाने मांडला. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे आहेत. चार्वाकांनी एकटे प्रत्यक्ष मानले. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने प्रत्यक्ष आणि अनुमान एवढी दोनच. रोजच्या व्यवहारातली बहुतेक मते मात्र अनुमान आणि शब्द, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, यांवर उभी असतात.

अनुमान कुठे फसते, हे धूर आणि अग्नीच्या जुन्या उदाहरणावरून कळते. धूर असेल तिथे अग्नी असतोच. पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही. धुरासाठी सरपण ओले लागते. अशा लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ‘डी.एड. झाले की नोकरी पक्की’ हे महाराष्ट्रात एके काळी घरोघरी धरलेले मत होते. आजूबाजूचे गुरुजी पाहूनच ते तयार झाले होते, म्हणजे निराधार नव्हते. पण शिक्षकभरती चालू असणे, ही त्यातली उपाधी होती. 2012 मध्ये भरतीवर निर्बंध आले. पदविका हातात राहिली आणि नोकरी दिसेना. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हणही अशाच एका काळाच्या अटींवर उभी होती.

धंद्यात आणखी एक अडचण येते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात कांदा लावणारे पुष्कळ. गेल्या साली शेजाऱ्याला भाव मिळाला म्हणून यंदा लागवड वाढवावी, हे अनुमान एकाच वेळी हजारो घरांत होते. आवक वाढते आणि त्या अनुमानानेच भाव पडतो. लिलावात व्यापारी ट्रॉलीतले चार कांदे उचलतो, पत्ती, रंग, आकार पाहतो आणि मग बोली लावतो. त्याच्या हातात प्रत्यक्ष असते; शेतकऱ्याने मात्र पाच महिने केवळ अनुमानावर काढलेले असतात.

शब्दप्रमाणाची कसोटी सर्वांत कडक आहे. आप्ताचा शब्द तेवढाच प्रमाण. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते आप्त म्हणजे ती गोष्ट स्वतः जाणणारा आणि जाणली तशीच सांगू इच्छिणारा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू, असेही तो सांगतो. म्हणजे अधिकार जातीने, पदाने किंवा वयाने येत नाही. जाणण्याने आणि प्रामाणिकपणाने येतो.

ज्याचा मूळ सांगणारा ठाऊक नाही अशा परंपरागत बोलण्याला ‘ऐतिह्य’ म्हणतात. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण; खेड्यात पिंपळावरचा मुंजा तोच. गौतमाने ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानले नाही. मोबाइलवर पुढे ढकलत आलेला संदेश नेमका याच जातीचा: पाठवणारा ओळखीचा, सांगणारा अज्ञात. ओळखीचा माणूस आणि आप्त यांत इथे गल्लत होते.

या गल्लतीची किंमत साक्री तालुक्याने पाहिली आहे. 1 जुलै 2018, रविवार. राईनपाडा गावात आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या दिवसांत तशा अफवा मोबाइलवर फिरत होत्या. पळवलेले मूल कुणी पाहिले होते, हे कुणी विचारले नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटपर्यंतच पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. अशा मर्यादेने अफवेचा वेग कमी होतो, खरेखोटे ठरत नाही.

मत असणे हा दोष नाही. मतावाचून संसार चालत नाही. पण ते दुसऱ्याला सांगण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायला हव्यात: हे कुणी पाहिले, कोणत्या अटीवर खरे आहे, आणि चुकले तर कुणाला भोगावे लागेल. राईनपाड्यात ते त्या पाच जणांना भोगावे लागले.