आब्राहामाची मुले कोण?



इंग्रज हेच बायबलमधील इस्राएलचे हरवलेले वंश आहेत, असे ठासून सांगणारा मोबाइलवरचा एक व्हिडिओ मच्छीमार नगरातील एका तरुणाने आम्हांला दाखवला. 'फादर, हे खरे का?' खरे नाही. पण माणसाला असे का वाटून घ्यावेसे वाटते, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे.

ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास असिरियाने उत्तरेकडील इस्राएलचे राज्य जिंकले आणि तेथील लोकांना परदेशी नेले. ते पुढे कुठे गेले, ही जागा रिकामी राहिली. आणि रिकाम्या जागेत कोणीही आपले नाव लिहू शकतो. १८४० साली जॉन विल्सन नावाच्या गृहस्थाने (आपल्या चौपाटीवरील विल्सन कॉलेजचे विल्सन ते हे नव्हेत) पुस्तक काढून तेथे इंग्रजांचे नाव घातले. या मताच्या लोकांचे पुरावे कसले, तर 'सॅक्सन' म्हणजे आयझॅकचे सन, अर्थात इसहाकाचे मुलगे! पाव किलोतला पाव आणि बेकरीतला पाव एकच, असे म्हणण्यातला हा प्रकार. १८९९ ते १९०२ या काळात त्यांनी कराराचा कोश शोधण्यासाठी आयर्लंडमधील ताराची प्राचीन टेकडीसुद्धा खणली. कोश मिळाला नाही, टेकडीची नासधूस तेवढी झाली.

तो साम्राज्याचा काळ होता. आपली सत्ता म्हणजे देवाने आब्राहामाला दिलेले वचन, असे राज्यकर्त्या समाजातील कोणी म्हटले, तर त्याच्याकडे दाखला कोण मागणार? पुढे अमेरिकेत याच मताला गोऱ्या वंशाच्या अहंकाराचे आणि यहुदीद्वेषाचे विषारी फाटे फुटले.

आता आपल्या शेजारी पाहू. मुंबई बंदराच्या पलीकडे, अलिबागजवळ नवगाव आहे. तेथे जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असे बेने इस्राएल लोक परंपरेने सांगतात. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत, आडनावे गावांवरून घेत, मराठी बोलत. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. धर्मग्रंथ हाताशी नसतानाही त्यांनी शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना टिकवली. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ सालचे.

दाखला मागितला गेला तो यांच्याकडे! ते इस्राएलला गेल्यावर १९६२ साली तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा आदेश काढला. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ साली तेथील संसदेने त्यांना सर्व बाबतीत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे मानले आणि आदेश बदलावा लागला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंश आढळले. इतिहास काहीही असला तरी चालेल, असे आमचे म्हणणे नाही. खोटे ते खोटेच. पण समजा, तो अभ्यास उलट निघाला असता, तर पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले ते शनिवार वाया गेले असते काय?

आब्राहाम आमचा बाप, अशा घमेंडीत नदीकाठी आलेल्यांना योहान बाप्तिस्टाने धोंड्यांकडे बोट दाखवून गप्प केले होते. संत पौलाने तर गलतीकरांना लिहिताना यहुदी-ग्रीक हा भेदच पुसला आणि जे ख्रिस्ताचे ते आब्राहामाचे, असे सांगितले.

आणि तरीही आपल्यात स्थळ पाहताना हळूच विचारतात : हे लोक कधीचे ख्रिस्ती? पोर्तुगीजांच्या वेळचे की अलीकडचे? आधी कोण होते? मुलगी पसंत असते, पत्रिका छापायची बाकी असते, आणि पणजोबाच्या जातीवरून बोलणी मोडतात. रब्बींनी निदान आदेश उघड काढला होता. चर्चच्या ऑफिसात आम्ही स्नानसंस्काराचा दाखला मागतो. त्यावर आईवडिलांची नावे असतात, गॉडफादर-गॉडमदरची असतात, तारीख असते. पणजोबासाठी त्यात रकाना नाही.