ब्रेकाचे आटे आणि कारागिराची सचोटी

कोणतीही वस्तू बिघडली असता ती नीट दुरुस्त करावी की तात्पुरती भागवून न्यावी, हा प्रश्न प्रत्येक घरी वारंवार उपस्थित होतो. छत्रीच्या मोडक्या काडीस दोरा बांधून पावसाळा काढला, तर फार झाले तर माणूस थोडा भिजेल. गळक्या बादलीस डांबर लाविले, तर फार झाले तर वाटेत पाणी सांडेल. अशा ठिकाणी भागवून नेण्यास कोणी दोष देणार नाही. ती काटकसरच होय. परंतु ज्या वस्तूच्या भरवशावर माणूस आपला जीव ठेवितो, तिच्या बाबतीतही हीच काटकसर योग्य ठरेल काय? आणि अनर्थ घडल्यास त्याचा दोष कोणाकडे जाईल? या प्रश्नाचा विचार आज आम्ही एका लहानशा उदाहरणावरून करणार आहो. ते उदाहरण म्हणजे सायकलीच्या सांगाड्यात ब्रेक बसविण्यासाठी जे भोक असते, त्याचे झिजलेले आटे.

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत आणि भोवतालच्या खेड्यांत सायकल अजून पुष्कळांच्या उपयोगी पडते. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, दूधवाला, पाळीवर जाणारा कामगार हे तिच्यावर विसंबून असतात. शिवाय ठाण्यातील कित्येक तरुण सकाळी हौसेने येऊरचा डोंगर चढतात व उपवन तलावाच्या बाजूस वेगाने उतरतात. चढताना पायांची परीक्षा होते, तर उतरताना ब्रेकांची.

जुन्या काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक सांगाड्यास पट्टीने आवळलेले असत. बोल्ट आरपार जाई व त्यास मागून नट लागे. आटे गेले, तर नट-बोल्ट बदलला की काम संपले. हल्लीच्या पुष्कळ सायकलींत, विशेषतः तबकडीच्या ब्रेकांच्या सायकलींत, बोल्ट सांगाड्यात पाडलेल्या आट्यांतच बसतो. बोल्ट पोलादाचा व 6 मिलिमीटर जाडीचा. सांगाडा बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. अशा बोल्टास साधारणतः 6 ते 8 न्यूटन-मीटर इतकाच पीळ द्यावयाचा असतो. म्हणजे 15 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाशी चार-पाच किलोंचा भार पुरे. दणकट मनगटाचा माणूस याच्या कितीतरी पट जोर सहज लावितो, आणि जितके घट्ट तितके चांगले या समजुतीने मऊ धातूचे आटे ओरबाडून काढितो. कधी बोल्ट तिरका घातल्याने, तर कधी खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांस धरून बसल्यानेही आटे जातात.

येथे मोहाचा प्रसंग येतो. बोल्टास दोरा किंवा टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून, अथवा भोकात चिकट लेप भरून तो बसविता येतो. ब्रेक दाबला की चाक थांबते आणि गिऱ्हाईक समाधानाने पैसे देऊन जाते. परंतु दुकानाच्या दारात ब्रेकावर पडणारा भार किरकोळ असतो. उतारावर जोराने थांबताना बहुतेक काम पुढच्या ब्रेकास करावे लागते. तबकडी तापते आणि ती उष्णता लेपापर्यंत पोहोचल्यास तो मऊ पडू शकतो. अशा वेळी बोल्ट सुटून ब्रेक पुढच्या चाकाच्या तारांत अडकला, तर स्वार तोंडावर आपटतो. बाहेरून पाहिले तर लेपात बसविलेला बोल्ट व पक्क्या आट्यांत बसविलेला बोल्ट यांत गिऱ्हाइकास काहीच भेद दिसत नाही. तो भेद एकट्या कारागिरास ठाऊक असतो, आणि म्हणूनच तो सांगण्याचे कर्तव्यही त्याच्याच शिरी येते. न सांगता पैसे घेणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर त्याच्या नकळत पैज लावणे होय.

आता खरी दुरुस्ती कशी होते ते पाहू. तोंडाकडील दोन-तीनच आटे दुखावले असतील व भोक पुरेसे खोल असेल, तर त्याच मापाचा टॅप तेल लावून हलक्या हाताने फिरवावा आणि थोडा लांब बोल्ट घालावा. ॲल्युमिनियममध्ये बोल्टाची पकड त्याच्या जाडीच्या दीडपट खोल असलेली बरी. आटे समूळ गेले असतील, तर भोक सुमारे 6.3 मिलिमीटरपर्यंत मोठे करून त्यात खास टॅपाने नवे आटे पाडितात व स्टेनलेस पोलादाच्या तारेचे वेटोळे आत बसवितात. त्या वेटोळ्याच्या आतील बाजूस पहिल्याच मापाचे आटे पुन्हा तयार मिळतात. भोक मात्र सरळ पडले पाहिजे, नाही तर ब्रेक तिरका बसतो. नीट बसविलेले वेटोळे मूळच्या मऊ आट्यांहूनही टिकाऊ ठरते.

या कृतीत एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे. नवा आधार बसविण्यापूर्वी भोक आधी मोठे करावे लागते. जे गेले ते गेले असे मान्य करून, निकामी झालेला भाग काढून टाकिल्यावाचून पोलाद आत जात नाही. लेप लावणारा नुकसान झाकतो. खरा कारागीर ते आधी उघडे करितो. आमच्या मते दुरुस्ती व भागवाभागव यांतील अंतर येथेच आहे.

यावर कोणी म्हणेल, वर्तमानपत्रे टाकणाऱ्या गरीब मुलास एवढा खर्च कसा झेपावा? आजचा दिवस निभावून देणे हीच त्याच्यावर दया नव्हे काय? हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. गरिबाची सायकल दोन दिवस बंद राहिली, तर त्याची मजुरी बुडते. तथापि श्रीमंताचे हाड व गरिबाचे हाड सारख्याच रीतीने मोडते, आणि मोडल्यावर गरिबाचेच घर आधी बसते. कारागिरास दया करावयाची असेल, तर ती त्याने मजुरीत करावी. आट्यांत करू नये. पैसे हप्त्याने घ्यावे, अथवा काम होईपर्यंत दुसरी सायकल द्यावी. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर त्या मुलास खरी स्थिती सांगून ब्रेक बसविण्याचे नाकारावे. मग सायकल हातात धरून चालत जावे की काय, हे तो जाणूनबुजून ठरवील.

असे नाकारण्यातही मान आहे. सांगाडा कार्बनच्या तंतूंचा असेल, किंवा भोकाभोवतीचा धातू पातळ वा तडकलेला असेल, तर हे काम आमच्या हातचे नाही, असे म्हणणे हीच विद्या होय. ठाण्यात वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे व डोंबिवलीच्या औद्योगिक भागात लेथवर काम करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे गिऱ्हाईक पाठविल्याने सायकलवाल्याची पत कमी होत नाही, वाढते.

गिऱ्हाइकाकडे मात्र काहीच दोष नाही, असे आम्ही म्हणत नाही. जो घासाघीस करून कारागिरास अर्ध्या पैशांत काम करावयास लावितो, तो त्या लेपाचा अर्धा धनी आहे. आणि जो असा ब्रेक ठाऊक असूनही सायकल मुकाट्याने दुसऱ्यास विकतो, त्याचा अपराध कारागिराहून कमी नाही. वेटोळे घातलेले असल्यास बिलावर तसे लिहून घ्यावे व विकताना ते दाखवावे. त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

1841 साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्व कारखान्यांनी आट्यांची एकच ठराविक मापे पाळावी, अशी सूचना मांडिली. तोवर ज्याचे त्याचे आटे निराळे असत. आज लुधियानाचा बोल्ट डोंबिवलीच्या सायकलीत बिनचूक बसतो, तो एकमेकांस कधीही न पाहिलेल्या माणसांनी ठरलेले माप पाळिले म्हणून. उतारावरून येणारा स्वारही ब्रेक दाबताना अशाच न पाहिलेल्या हातांवर विश्वास ठेवितो. तो विश्वास खरा करून दाखविणे हे कारागिराचे काम आहे. मग ते भोक कितीही लहान असो, व बोल्ट घातल्यावर आत कोणास काहीही न दिसो.