वारशात आलेला अन्याय

एक प्रश्न स्वतःला विचारून पाहू या. जे मी हिसकावले नाही, पण हिसकावलेले आहे हे ठाऊक असूनही जे माझ्या ताब्यात आहे, त्याची जबाबदारी कोणाची?

हिजरी ९९ मध्ये, म्हणजे इ.स. ७१७ साली, हा प्रश्न हजरत उमर बिन अब्दुल अझीझ (रह.) यांच्यापुढे उभा राहिला. आईकडून ते हजरत उमर फारूक (रजि.) यांचे वंशज, वाढले मात्र उमय्या घराण्याच्या वैभवात. चुलतभाऊ सुलैमान यांच्यानंतर खिलाफतीचा भार त्यांच्यावर आला, तेव्हा घराण्याकडे आलेल्या कित्येक जमिनी मुळात जनतेच्या किंवा बैतुलमालच्या होत्या. त्यांनी आरंभ स्वतःपासून केला. वारशाने मिळालेल्या जमिनी त्यांनी सोडल्या, फदकची मिळकत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात होती त्या व्यवस्थेत परत नेली. पत्नी फातिमा यांनी पित्याने दिलेले दागिने बैतुलमालमध्ये जमा केले, असे चरित्रकार सांगतात. मग आप्तांची पाळी आली आणि आप्त रागावले.

त्यांच्याजवळ सोपी सबब होती: "हे वडिलांनी दिले, मी घेतले नाही." एकाचे ओझे दुसरा वाहणार नाही, हे कुरआन शिकवतोच. परंतु येथे भेद ओळखला पाहिजे. पित्याचा गुन्हा पुत्राकडे येत नाही. परक्याची वस्तू मात्र येते. ती परक्याची आहे हे कळल्यानंतर ती ठेवून घेणे हे पित्याचे नव्हे, पुत्राचेच कृत्य ठरते.

आता आपल्या घराकडे पाहा. सूरह अन्-निसामध्ये मुलीचा वाटा अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे. तरीही आपल्याकडे बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते आणि "तिने खुशीने सोडले" असे म्हटले जाते. माहेरचे दार बंद होईल या भीतीने केलेल्या सहीला खुशी म्हणावे काय? आधी तिचा वाटा तिच्या हाती द्या. मग तिने परत दिला, तर ती खुशी. आणि आत्याचा वाटा आजोबांच्या शेतात अडकला असेल, तर "तो वडिलांचा व्यवहार" म्हणून आपण सुटत नाही.

उमर (रह.) यांची खिलाफत जेमतेम अडीच वर्षांची. इ.स. ७२० मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आसपास, ते अल्लाहला प्यारे झाले आणि त्यांच्या कित्येक सुधारणा पुढे मोडीत निघाल्या. मग ते सारे व्यर्थ गेले काय? नाही. हक्कदाराला हक्क पोहोचवणे हे फळ पाहून करण्याचे काम नव्हे. ते कर्ज आहे, आणि फेडलेले कर्ज वाया जात नाही. उमय्यांचे साम्राज्य इ.स. ७५० मध्ये लयास गेले. त्या घराण्यातील ज्याने मिळकत सोडली, त्याचेच नाव आज मुस्लिम घराघरांत आदराने घेतले जाते.

या महिन्यात आपल्या घरातील जमिनीचा सातबारा एकदा उघडून पाहा. त्यावर कोणाचे नाव असायला हवे होते आणि नाही, हे आपल्याला ठाऊक असते. हिशेबाच्या दिवसाआधी तो हिशेब आपणच करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.