पर्समधलं पातं

दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर, जानेवारी २०१३ मध्ये, शिवसेनेने मुंबईत स्त्रियांना छोटे चाकू वाटले. असा चाकू रोज जवळ बाळगायचा, म्हणजे आपण नेमकं काय ठरवतो?

न मिटणाऱ्या पात्याचा चाकू निवडतात, कारण तो उघडत बसावा लागत नाही. पण पेपर स्प्रे लांबून मारता येतो. चाकूसाठी हातभर अंतरावर यावं लागतं, आणि तिथून तो हिसकावलाही जातो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ बचावासाठी गरजेपुरतीच इजा करू देतं. ती गरज घाबरलेल्या हाताने क्षणात मोजायची.

स्वतःला वाचवण्याचा हक्क मला मान्यच आहे. पण चाकू पर्समध्ये टाकताना, वेळ आली तर कुणाच्या तरी अंगात पातं खुपसायचं, हे आपण आधीच ठरवलेलं असावं लागतं. तेवढी तयारी नसेल, तर तो चाकू आपण समोरच्यासाठीच नेत असतो.